सुखीबाईने धुतलेले फोटो

"याडी, हालू नको. पापणीबी हालवू नको."

"श्वास त घेऊ दे, मुडद्या!"

एकसष्टचा मार्च. नेरजवळच्या तांड्यावर भावसिंग काळ्या बेकलाईटचा जपानी कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता. कॅमेरा एका ट्रकवाल्याचा. ट्रक शकील मेकॅनिककडे दुरुस्तीला पडला होता, तोवर शकीलने कॅमेरा मागून दिला होता. धाकटा लालसिंग पलटणीत. तीन वर्षं रजा नाही. "याडीचा फोटो तरी धाडा," असं त्याचं पत्र आलं, म्हणून त्यांची आई सुखीबाई नटली. चुडे चढले, केसांत चांदीच्या टोपल्या लोंबल्या, कांचळी चोळीच्या आरशाआरशातून ऊन असं उधळलं की कोंबड्या खुराड्यात पळाल्या. रीळ एकच, फोटो बारा. बाराही वेळा ती निरनिराळी हसली.

संध्याकाळी भावसिंगने रीळ बायकोच्या हाती दिलं. "नंदा, जपून ठेव वं. सकाळी शकील अमरावतीले जाऊन राह्यला. तिथं धुवायले देईन."

चुलीपाशी सुखीबाईचे कान टवकारले.

पहाटे तिने नंदाला उठवलं. "माहं तोंड परक्या गड्यानं धुवायचं? अन् मी कायले हावो?"

"पण याडी, त्यायनं म्हटलं..."

"चूप! त्या शकीलच्या हाताले ग्रीस. बाराच्या बारा तोंडं काळी करून आणीन."

पाणी उकळलं, सोडा पडला, रिठा फेसाळला. काळा कागद सोडून सुखीबाई लग्नातलं गाणं गुणगुणत फिल्म चोळू लागली, लेकराचं अंग चोळावं तशी.

शकील सायकलीवरून उतरला, तेव्हा काट्यांच्या कुंपणावर घागऱ्याशेजारी काचेसारखी नितळ पट्टी वाऱ्यावर नाचत होती.

"भावसिंग, ये क्या है बे?"

भावसिंग कुंपणाकडे धावला.

"फोटो हायेत," सुखीबाई म्हणाली. "लय मळ होता. सगळा काढला."

शकीलने पट्टी काट्यांतून सोडवली. "खाला, यानं बाराच फोटो काढले. तुमी त सगळेच काढले!"

सुखीबाई लाजली. "मंग धाडा आता पोट्ट्याले."

"दुसरं रीळ?" भावसिंग कुजबुजला.

"कायचं रीळ? ट्रक तयार हाये. ड्रायव्हर कॅमेरा मागून राह्यला."

आईला खरं सांगायची भावसिंगची छाती होईना, आणि चिठ्ठीत काय लिहावं तेही सुचेना. शेवटी त्याने पाकिटात नुसती पट्टी घातली आणि डोळे मिटून ते टपालपेटीत टाकलं.

पंधराव्या दिवशी भर दुपारी लालसिंग धापा टाकत तांड्यावर शिरला. "याडी! याडी हाय ना?"

"हाय नं! काहून बोंबलून राह्यला?"

तो तिला बिलगला. "मले वाटलं, तू गेली. चिठ्ठी नाही, काही नाही, नुसती कोरी पट्टी! साहेबानं उजेडात धरून पाह्यली, टोपी काढली अन् म्हणे, जा, महिन्याची रजा घे."

सुखीबाई कितीतरी वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग भावसिंगकडे वळून म्हणाली, "पाह्यलं? शकीलनं धुतले असते त मी तिकडं गेली असती. मी धुतले, त पोट्टा इकडं आला."