पाहुण्यांना उजेड पुरेना

पाहुण्यांनी तोंड मिटलं होतं आणि घड्याळजींच्या घशाखाली सकाळचा चहा उतरत नव्हता.

पाहुणे म्हणजे एक शिंपला. ताटलीएवढा. बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती, तिच्यात पोवळ्यांच्या मधोमध तो नऊ वर्षं मुक्कामाला होता. उघडला की दोन्ही कवाडांतून निळी, हिरव्या ठिपक्यांची झालर बाहेर यायची. नाव घड्याळजींच्या बायकोनं ठेवलेलं. "आले ते गेलेच नाहीत, मग पाहुणे नाही तर काय म्हणायचं?" असं ती म्हणायची. पाहुणे राहिले. दीड महिन्यापूर्वी तीच गेली.

जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यातल्या खाटेवरून तिनं दोनच गोष्टी सांगितल्या. "पाहुण्यांना उजेड कमी पडू देऊ नका. आणि जरा बसत जा." दुसरी गोष्ट आपल्या गुडघ्यांबद्दल असावी असं समजून घड्याळजींनी ती सोडून दिली. पहिली मात्र देवाची आज्ञा समजून शिरावर घेतली. देव दुःख देतो तेव्हा सोबत एखादं काम लावून देतो, ही त्याची दयाच म्हणायची. नाहीतर रिकाम्या घरात माणसानं हात कुठे ठेवावेत?

घड्याळजींच्या धंद्याची चाळीस वर्षांची एकच रीत होती. जे बिघडलंय ते दिव्याखाली घ्यायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि नाक टेकेपर्यंत त्याच्यावर वाकायचं. इथंही ते तसेच वाकले. कवाडं मिटलेलीच, झालरीचा पत्ता नाही. घड्याळजी तासाभरानं परत वाकले. परत तेच. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा वाकून झालं.

"बाबा, जेवलात का?" मुलीनं फोनवर विचारलं. ती लांबच्या गावी नोकरीला होती आणि रोज हाच प्रश्न विचारायची.

"माझं सोड. पाहुणे उपाशी आहेत."

"त्यांना काय घालायचं असतं?"

"उजेड!" घड्याळजी म्हणाले. "तेवढंच तर सांगून गेली ती."

दुसऱ्या दिवशी ते टाकीवाल्याच्या दुकानात गेले. टाकीवाला मासे, वाळू, पंप आणि सल्ला असं सगळं विकत असे.

"काका, मिटलेलाच असतो का तो?"

"मी बघतो तेव्हा मिटलेलाच."

"मग उजेडच कमी. त्याच्या झालरीत बारीक शेवाळ असतं, ते उजेडावर त्याच्यासाठी स्वयंपाक करतं. दिवा मंद म्हणजे चूल मंद. मोठा दिवा न्या."

जुना दिवा उतरला, मोठा आला. तो टाकीच्या वर टांगण्यासाठी घड्याळजींनी बायकोचं बुटकं लाकडी स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि दिवा पेटवला. खोलीत असं ऊन पडलं की भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान पुढून वाचता यावं. घड्याळजींनी काळा चष्मा चढवला, स्टुलावरूनच टाकीत डोकावून पाहिलं. पाहुणे मिटलेलेच.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई जिना उतरताना उघड्या दारात थबकल्या.

"घड्याळजी, कसला हो हा प्रकाश? दात काढायचा दवाखाना उघडलात की काय?"

त्यांनी सगळं सांगितलं. बाईंचा जीव कळवळला. "अगंबाई! बघू बरं," म्हणत त्या टाकीवर वाकल्या. "मिटलाय हो बिचारा." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "एक विचारू? आमच्या गॅलरीत उन्हाची तिरीप येत नाही. माझं टोमॅटोचं रोप ठेवू का इथं कोपऱ्यात? नाहीतरी उजेड सांडतोच आहे."

नाही म्हणणं घड्याळजींना जमत नसे. रोप आलं. इमारत जुनी आणि ओलसर, त्यामुळे बातमी दोन दिवसांत सगळीकडे गेली. तळमजल्यावरून ओले मोजे आले. कुणाची भिजलेली उशी आली. एक मांजर कुणाचंच नव्हतं, ते आपणहून आलं आणि दिव्याखाली पोट वर करून झोपलं. माणसं मात्र कृतघ्न नव्हती. मोजे वाळत घालून झाले की प्रत्येक जण आजाऱ्याला भेटल्यासारखा टाकीवर वाकायचा, "कसं आहे आता?" विचारायचा आणि मान हलवत जायचा.

पाहुणे दिवसेंदिवस मिटलेलेच. घड्याळजींनी दुसरा दिवा आणला. दोन दिव्यांनी पाणी तापलं म्हणून टेबलफॅन लावला. फॅननं पाणी उडायला लागलं म्हणून एक छोटा पंप जोडला. बुधवारी सकाळी अकरा वाजता त्यांनी चौथं बटण दाबलं आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत इमारतीचे चिटणीस होते.

चाळीस मिनिटांनी बाहेर निघाले ते थेट घड्याळजींच्या दारात.

"माणसं अंधारात टांगून ठेवायची आणि शिंपल्यांना दिवाळं निघेस्तोवर उजेड पाजायचा? काय चाललंय काय? दुसरा दिवा आजच्या आज उतरवा!"

घरात वीज नव्हती तरी घड्याळजींच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. हातात बायकोची मिठाची बरणी होती. पाणी मोजून खारं करायला घेतलेली, ती तशीच धरून ते उभे होते. चिटणिसांचा आवाज खाली आला. ते पुढे झाले आणि शिरस्त्याप्रमाणे टाकीवर वाकले.

"गेला का हो?"

हा शब्द गेल्या दीड महिन्यात घड्याळजींसमोर कुणी उच्चारला नव्हता. सगळे 'आपल्यात नाहीत' म्हणत होते.

"तिनं आयुष्यात मला एकच काम सांगितलं," ते म्हणाले. "बाकी सगळं तीच करायची. एकच काम."

चिटणिसांनी दुसरा दिवा स्वतःच्या हातानं उतरवला. जाताना मोजे मात्र विसरले नाहीत. ते त्यांचेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, फोन टाकीसमोर उभा करा. मला बघू दे तरी."

घड्याळजींनी फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला आणि दूध उतू जातंय म्हणून आत धावले.

"बाबा!" फोन ओरडला. "उघडला! अहो, केवढी झालर! निळीशार!"

घड्याळजी हातात पातेलं घेऊनच पळत आले आणि वाकले.

"मिटला," मुलगी म्हणाली. "परत आत जा."

गेले. "उघडतोय!" आले. "मिटला." तिसऱ्यांदा त्यांनी दाराआडून एक डोळाच बाहेर काढला. "आता उघडा आहे. तिथंच थांबा. हलू नका." ते हलले. पुढे येऊन वाकले. मिटला.

घड्याळजींनी पातेलं खाली ठेवलं.

"म्हणजे मी आलो की मिटतात," ते हळूच म्हणाले. "बरोबर आहे त्यांचं. नऊ वर्षं ते इथं बसून बघत होते. मी घरी यायचो, जेवायचो, झोपायचो. तिच्याजवळ दहा मिनिटं कधी टेकलो नाही. आता कशाला माझं तोंड बघतील?"

फोनमधून मुलीनं नाक पुसल्याचा आवाज आला.

"बाबा, आई कुठे बसायची?"

"तिच्या स्टुलावर. टाकीच्या बाजूला."

"स्टूल कुठाय आता?"

घड्याळजींनी पाहिलं. स्टूल दिव्याखाली होतं. त्याच्या पाटावर त्यांच्या चपलांचे ठसे होते. "मी त्यावर उभा राहून बघतो."

"बाबा! तुम्ही दिव्याच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहता. सावली पडते त्याच्यावर. त्याला वाटत असेल, आलं कुणीतरी खायला."

"सगळेच तसे वाकायचे," घड्याळजी पुटपुटले. "शिक्षिकाबाई, चिटणीस, सगळी इमारत."

"म्हणूनच. खाली बसा बघू."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं चपलांचे ठसे पुसले. स्टूल बाजूला नेलं. गुडघे करकरले, पण बसले. चष्मा काढला. उजेड भरपूर होता, बायकोनं लावलेल्या जुन्या दिव्याचाही पहिल्यापासून पुरेसाच होता. पाच मिनिटं गेली, घड्याळजींनी ती सवयीनं मोजली. कवाडं किलकिली झाली. मग निळी झालर थोडी थोडी करत बाहेर आली आणि पाण्यात पसरली, अगदी त्यांच्या डोळ्यांसमोर.

"दिसतेय?" मुलीनं कुजबुजत विचारलं.

त्यांनी मान हलवली. फोनला मान दिसत नव्हती, तरी तिला कळलं.

"आई बोलायची हो त्याच्याशी. काय बोलायची?"

घड्याळजींना ठाऊक नव्हतं. ती बोलायची त्या वेळी ते दुकानात कुणाच्या तरी घड्याळावर वाकलेले असत. त्यांनी खूप विचार केला. खात्रीनं सांगता येईल असं त्यांच्याजवळ एकच होतं.

"सव्वानऊ झाले," ते पाहुण्यांना म्हणाले. मग जरा हळू आवाजात, "ती येणार नाही आता. मीच आहे."

पाहुण्यांनी मिटून घेतलं नाही.