बेचाळिसावी सूचना

विद्यापीठाच्या नियमानुसार शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक खेळ तयार करून समितीपुढे सादर करणे बंधनकारक आहे. तो खेळता यावा, अशी अट नियमांत कुठेही नाही. कामशेतच्या अम्मारा तांबोळीच्या हे ध्यानात यायला आठवं सत्र उजाडलं.

अम्मारा लोणावळ्याजवळच्या एका महाविद्यालयात 'गेम्स आणि इंटरॅक्टिव्ह डिजिटल मीडिया' शिकत होती. तिचे अब्बा इनायतभाई यांचं कामशेतच्या बाजारात तांदळाचं दुकान. ते गिऱ्हाइकांना "पोरगी कॉम्प्युटरचं काहीतरी करते" एवढंच सांगत. पोरगी चार वर्षं खेळ शिकतेय असं एकदा सांगून पाहिलं होतं, तर गिऱ्हाईक तांदूळ न घेता धीर देऊन निघून गेलं.

खेळ मात्र तिने जीव ओतून केला. नाव 'चढण'. तिकोणा किल्ला चढायचा. दाट धुकं, शेवाळलेल्या उभ्या पायऱ्या, हातातली पिशवी हिसकावणारं माकड. पाय घसरला की पुन्हा पायथ्याशी. तिची मैत्रीण कोमल तिकोणा पेठेची. कोमलच्या आजोबांनी, दत्तोबांनी, तो सगळ्यात आधी खेळून पाहिला आणि ते चार वेळा पडले.

"पोरी, तुजी पायरी चुकली," दत्तोबा म्हणाले. "ही मधी झिजलीय. आमी तितं डाव्या अंगानं, कातळाला धरून जातो. तुज्या गड्याला सांग की तसं."

अम्माराने दोन दिवस खपून ती एक पायरी मधोमध झिजवली. मग दत्तोबा वर पोचले. "लय भारी! गुडघं न दुखता गड झाला," म्हणून खदखदून हसले. पुण्याच्या एका गेम स्टुडिओनेही 'चढण' पाहून तिला नोकरी देऊ केली. अट एकच, पदवी हातात हवी.

पदवी होती प्रकल्प छाननी समितीच्या हातात. अध्यक्ष विभागप्रमुख अतुल सर. त्यांचा मूळ विषय सिंचन, पण नवा विभाग निघाला तेव्हा तेवढे तेच मोकळे होते. मार्गदर्शक सुहास सर तासिका तत्त्वावर नेमलेले, त्यामुळे त्यांचं मतही दर सत्राला नव्याने मंजूर व्हावं लागे.

"हा माणूस पडतो," अतुल सर पहिल्याच बैठकीत म्हणाले.

"हो सर. घसरला की पडतो."

"महाविद्यालयाच्या नावाखाली पडतो. उद्या कोणी विचारलं, त्या वेळी शिक्षक कुठे होते, तर?"

"पण सर, तो खरा माणूस नाही."

"म्हणजे त्याच्याकडे ओळखपत्रही नाही!" अतुल सरांनी ही गोष्ट इतिवृत्तात नोंदवायला सांगितली. सुहास सरांनी ती नोंदवली.

पडण्यावर बंदी आली. खेळाच्या सुरुवातीला एक सूचना आली: 'या खेळात कोणीही पडत नाही.' खाली बटण: 'मान्य आहे.'

कोणी पडेना, म्हणून सगळेच गडावर पोचू लागले. सगळेच जिंकले तर गुणवत्ता कशी ठरवायची? दुसऱ्या बैठकीत जिंकणं रद्द झालं. वन्यप्राण्याची बदनामी होते म्हणून माकड गेलं. मुलांना खराब हवेत बाहेर सोडल्याचा ठपका नको म्हणून धुकं गेलं. गड दाखवायचा तर परवानगी आणा, असं ठरलं. अम्माराने संबंधित कार्यालयात अर्ज केला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: 'अर्जासोबत किल्ल्याची मूळ प्रत जोडलेली नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' गड गेला. उरलेला निनावी डोंगर उंचीची आठवण करून देतो म्हणून सपाट करण्यात आला. सिंचनाच्या दृष्टीने तो आता अतुल सरांना पसंत पडला.

सपाट मैदानात एकटा माणूस उरला. पण रिकामा उभा असलेला तरुण बेरोजगारीचं चित्र उभं करतो, म्हणून त्यालाही घरी पाठवण्यात आलं.

जे जे गेलं, त्याची सूचना मात्र वाढत गेली. 'या खेळात माकड नाही. दिसल्यास तो योगायोग समजावा.' 'या खेळात डोंगर होता, आता नाही. पूर्वीच्या उंचीस महाविद्यालय जबाबदार नाही.' अशा एकेचाळीस सूचना झाल्या, आणि एकेचाळीस बटणं. दत्तोबांची झिजलेली पायरी अम्माराने स्वतःच्या हाताने पुसली. त्या दिवशी ती कोमलशी बोललीसुद्धा नाही.

"सर, यात आता खेळच नाही," ती सुहास सरांना म्हणाली.

सुहास सरांनी दार लोटून घेतलं. "अम्मारा, खेळ नसल्याबद्दल समितीचा एकही आक्षेप नाही. इतकं स्वच्छ काम आजवर कुणाचं झालंय?"

तिथेच बसून तिने बेचाळिसावी सूचना लिहिली: 'मी वरीलपैकी एक ओळही वाचलेली नाही. या प्रकल्पात खेळ नाही. तरीही तो मला फार आवडला.' आता पकडतील, रागावतील, निदान बोलतील तरी, असं तिला वाटलं.

परीक्षेला बाहेरून एक ज्येष्ठ परीक्षक आले. त्यांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि अंगठा चालू केला. मान्य आहे. मान्य आहे. मान्य आहे. विसाव्या सूचनेला त्यांना लय सापडली. तिसावीला चहा आला, तो त्यांनी डाव्या हाताने घेतला. बेचाळिसावीवर अंगठा क्षणभरही थांबला नाही. पडद्यावर 'अभिनंदन' उमटलं.

"पकड आहे!" परीक्षक म्हणाले. "पुढे काय येतंय, ही उत्सुकता शेवटपर्यंत राहते."

अम्माराला राहवेना. "सर, शेवटची सूचना वाचलीत का?"

उत्तर अतुल सरांनी दिलं, तेही दुखावून. "वाचायची कशाला? मान्य केली ना!"

शंभरपैकी शहाण्णव गुण मिळाले. महाविद्यालयाने आदर्श प्रकल्प म्हणून तो संकेतस्थळावर टाकला. महिन्याभरात चाळीस हजार लोकांनी तो शेवटपर्यंत खेळला आणि तक्रार एकाचीही आली नाही. त्यात तुम्हीही असाल. दिवस आठवणार नाही, पण अंगठा तुमचाच असेल.

पदवी हातात पडली, तशी स्टुडिओकडून नेमणूक आली. तेवीस पानांचा करार, फोनवरच. इनायतभाईंनी गिऱ्हाईक थांबवलं आणि हातातलं माप खाली ठेवलं.

"घाई करू नकोस गं. किती वर्षं बांधून घेतात, केलेलं काम कुणाच्या नावावर राहतं, सगळं नीट वाच."

"हो अब्बा," अम्मारा म्हणाली. म्हणेपर्यंत तेवीस पानं सरली होती आणि अंगठा खाली टेकला होता.

"काय लिहिलंय त्यात?"

अम्माराने फोन उलटा करून पोत्यावर ठेवला.

"काही नाही, अब्बा. नेहमीचंच."