रामभाऊंचं बीट

जयदेवच्या सँडविचच्या दुकानात ‘काय देऊ?’ असं विचारायची पद्धतच नव्हती. आनंदनगर एमआयडीसीत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. साडेबाराचा भोंगा झाला की आजूबाजूच्या कंपन्यांतून चाळीस-पन्नास माणसं एकदम काउंटरवर येऊन थडकायची. एकेकाला विचारत बसलं तर एकचा भोंगा व्हायचा आणि निम्मे लोक उपाशी परत जायचे. म्हणून जयदेवने गिऱ्हाइकं पाठच केली होती. रस्त्यापलीकडे ओळखीचं हेल्मेट दिसलं की त्याची सुरी लोण्यात गेलेली असायची. कुणाला कांदा चालत नाही, कुणाला चटणी दुप्पट लागते, हे आपल्याला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त ठाऊक आहे, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

काकड्या चिरायला आणि चटणी वाटायला त्याची बायको शीला असायची. तीन वाजता गर्दी ओसरली की जयदेव तिच्यासाठी स्वतःच्या हाताने सँडविच करायचा, तेही पावाच्या दोन्ही टोकांच्या जाड, कोरड्या स्लाइसचं. दुकान टाकलं तेव्हा त्या फेकणं त्याच्या जिवावर आलं होतं. शीला म्हणाली होती, मला आवडतात त्या. तेव्हापासून गेली नऊ वर्षं टोकं तिची. माणसाने बायकोची आवडही लक्षात ठेवावी, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

एका मंगळवारी ऐन सुट्टीच्या तोंडावर गॅस संपला. जयदेव सिलिंडर आणायला धावला आणि शीला काउंटरवर एकटी उरली. तेवढ्यात रामभाऊ आले. समोरच्या रंगाच्या कंपनीत ते स्टोअरकीपर होते, आणि कुणाचा धक्का लागला तरी आपणच माफी मागणाऱ्यांतले होते. शीलाला कुणाचं काहीच पाठ नव्हतं. तिने सरळ विचारलं, "काय देऊ, रामभाऊ?"

रामभाऊंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग ते काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "बीट न घालता मिळेल का?"

नेमका तेव्हाच जयदेव खांद्यावर सिलिंडर घेऊन दारात आला होता. नऊ वर्षं तो रामभाऊंच्या सँडविचमध्ये बिटाच्या चार चकत्या जास्त घालत आला होता. त्याने सिलिंडर पायावर आदळता आदळता खाली ठेवलं.

"रामभाऊ, तुम्हाला बीट आवडत नाही?"

"तसं नाही हो," रामभाऊ चोरी पकडल्यासारखे म्हणाले. "पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, खास तुमच्यासाठी जास्त घातलंय. इतक्या प्रेमाने दिलेलं, नाही कसं म्हणायचं? म्हटलं उद्या सांगू. मग ते राहूनच गेलं."

"मग काढून टाकायचात?"

"छे, अन्न ते. खायचो."

जयदेवला फार वाईट वाटलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. एवढं बीट त्या माणसाने केवळ आपलं मन राखायला गिळलं होतं, आणि असे आणखी किती असतील कोण जाणे. त्याने ठरवलं, उद्यापासून प्रत्येकाला विचारायचं.

बुधवारी साडेबाराला पहिला नंबर बुद्धभूषणचा होता. तो वेल्डर, कायम घाईत.

"काय देऊ?" जयदेवने विचारलं.

"नेहमीचं द्या ना, शेठ."

"नेहमीचं नको. मनापासून सांग. चटणी आवडते तुला?"

बुद्धभूषणने घाबरून दरांच्या पाटीकडे पाहिलं. ती होती तशीच होती. मग तो खरोखरच विचार करायला लागला. त्याच्या मागच्यांनीही करायला घेतला. कुणाला आठवलं की डॉक्टरांनी लोणी बंद सांगितलंय. कुणी म्हणालं, टोमॅटो असू द्या, पण कमी, आणि कमी म्हणजे किती यावर शेजारच्याशी वाद घातला. एकाने तर घरी बायकोला फोन लावला. रांग रस्त्यावर गेली आणि एका टेम्पोला थांबावं लागलं.

"शेठ, टेन्शन काय घेता, काहीपण द्या, पण द्या," मागून कुणीतरी म्हणालं, आणि भोंगा झाला.

अकरा जण उपाशी परत गेले. रामभाऊ त्यांतलेच. सगळ्यांना आधी जाऊ देत ते शेवटी उभे होते.

जयदेवने घाईघाईने बिनबिटाचं सँडविच केलं, कागदात गुंडाळलं आणि कंपनीच्या गेटवर नेऊन दिलं. रामभाऊंनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

"माझ्यामुळे सगळ्यांचे हाल झाले," ते म्हणाले. "मी बोलायलाच नको होतं."

जयदेवने त्यांना उद्या नक्की यायला सांगितलं. येतो म्हणाले, पण गुरुवारी आले नाहीत, शुक्रवारीही नाहीत. वॉचमनकडून कळलं की रामभाऊंनी घरून डबा आणायला सुरुवात केली आहे. दुकानात पुन्हा न विचारता सँडविचं निघू लागली, रांगही पळू लागली, पण रस्त्यापलीकडे बघताना जयदेवचा हात अडखळायचा.

शनिवारी तीन वाजता शीलाचं सँडविच तिच्या हातात देऊन तो खुर्चीत टेकला.

"कमाल आहे माणसाची," तो म्हणाला. "नऊ वर्षं न आवडणारं खायचं आणि अवाक्षर काढायचं नाही. का, तर समोरच्याला वाईट वाटेल. असं कुणी करतं का?"

शीला घास चावत होती. टोकाची स्लाइस चावायला वेळ लागतो. जयदेव तिच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत राहिला, मग हातातल्या सँडविचकडे, आणि त्याचा चेहरा उतरला. तो उठून काउंटरमागे जाऊन उभा राहिला.

"शीला," तो म्हणाला, "तुला काय देऊ?"

तिने घास गिळला. पदराने तोंड पुसलं. मग पावाच्या नव्या पाकिटाकडे बोट दाखवलं.

"मधली द्या," ती म्हणाली. "बघू तरी, लोक काय खातात ते."

त्याने लोणी जरा जास्तच लावलं. तिने उभ्या उभ्याच एक घास घेतला.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"मऊ असते हो," शीला म्हणाली.