खेकड्याच्या पुस्तकात आबांची भर

गोष्ट सांगावी तर दीनानाथांनीच, असं पनवेलात एकमुखाने मानलं जाई, आणि ते एक मुख दीनानाथांचंच होतं. मराठीचे निवृत्त मास्तर! चार वर्षांच्या नातीला, भाविकाला, वाचनाची गोडी आपणच लावणार, हे त्यांनी ती जन्मायच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं. म्हणून सुनेने, कोमलने, बालवाडीच्या बाईंच्या सांगण्यावरून आणलेलं पुस्तक त्यांनी मोठ्या रुबाबात उघडलं. पानोपानी एक लाल खेकडा, समुद्र, होडी, आणि शब्द म्हणून एकही नाही.

"छापायचं राहिलंय," ते म्हणाले. "बदलून आण."

"आबा, ते असंच असतं. मुलांनी चित्रं बघून गोष्ट करायची."

"मग लेखकाने काय केलं?"

तरी त्यांनी मनाने रचून वाचलं. पहिल्या पानावरचं सागराचं वर्णन संपायच्या आत भाविका चटईवरून सरकत सरकत स्वयंपाकघरात पोचली होती.

त्याच आठवड्यात कोमलचे वडील काशिराम, म्हणजे भाविकाचे नाना, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी उरणहून मुक्कामाला आले. भाविका पुस्तक घेऊन जी त्यांच्या मांडीवर चढली ती उतरेचना. आतल्या खोलीतून दोघांचं खिदळणं ऐकू येई आणि बाहेर दीनानाथांचा जळफळाट होई. जन्मभर मासेमारी केलेला माणूस खेकड्याबद्दल बोलणारच, त्यात विशेष ते काय, असं ते कोमलला सुनावून आले. कोमलने पोळी जरा जोरात लाटली.

शुक्रवारी सकाळी बालवाडीतून निरोप आला. उद्या प्रत्येक मुलाच्या आजी-आजोबांपैकी एकानेच वर्गात येऊन मुलाचं आवडतं पुस्तक वाचायचं. दीनानाथांना पुन्हा वर्ग मिळणार होता! पण घरात व्याही. मान त्यांना द्यायलाच हवा. आपण "तुम्ही" म्हणायचं, त्यांनी "छे, तुम्हीच" म्हणायचं, असं बराच वेळ चालवून शेवटी आपण नाइलाजाने जायचं, ही रीत.

"काशिरामराव, तुम्हीच जा की."

"बरं, जातो," काशिराम म्हणाले.

दीनानाथांना जेवण गेलं नाही. दुपारी भाविका झोपल्यावर त्यांनी पेन काढलं आणि एकूणएक चित्राखाली वळणदार अक्षरात गोष्ट लिहून टाकली. आता वाचा म्हणावं! संध्याकाळी त्यांनी पुस्तक व्याह्यांपुढे ठेवलं. "उद्यासाठी तुमची थोडी सोय केली."

काशिरामांनी पुस्तक नाकाला लावलं. "लिवलेलं मना कुठं दिसतंय? दोनी डोल्यांत मोतीबिंदू. तुमीच जा उद्या."

"मग इतके दिवस वाचत काय होतात?"

"मी नाय वाचत. मना खेकडा नि होडी सारखीच दिसतात. मी इचारतो, बाय, ह्ये काय हाय? ती सांगते. मंग मी इचारतो, मंग?"

ही काय विद्या झाली? दीनानाथांना हायसं वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. एवढ्यावर ह्या माणसाने आपली नात पळवली होती.

शनिवारी काशिराम नुसते ऐकायला म्हणून वर्गात मागे बसले. दीनानाथ इवल्याशा खुर्चीत कसेबसे मावले, घसा साफ केला आणि पुस्तक उघडलं. भाविका बघायला पुढे आली आणि तिने भोकाडच पसरलं.

"आबांनी माझ्या पुस्तकावर लिहिलं!"

लगेच एक मुलगा म्हणाला, "बाई, पुस्तकावर लिहिलं की कोपऱ्यात बसायचं. तोंडावर बोट."

बाई दीनानाथांच्या कानाशी आल्या. "सर, नियम सगळ्यांना सारखा असतो, असं कालच शिकवलंय. थोडा वेळ बसाल का?"

जन्मभर मुलांना कोपऱ्यात बसवत आलेले दीनानाथ दप्तरांशेजारी तोंडावर बोट ठेवून बसले. पुस्तक भाविकाने घेतलं.

"खेकडा पनवेलला चाललाय. डोळ्यांत थेंब घालायला. होडीवाला म्हणतो, आठ पाय आहेत, आठ तिकिटं काढ."

"मंग?" मागून काशिराम म्हणाले.

पुढच्या पानाला सगळा वर्गच ओरडला, "मंग?" खेकडा होडीतून पडला, माशावर बसला, डॉक्टरला चावला, आणि मुलं हसून हसून लोळली. दीनानाथांच्या वळणदार अक्षराकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

"किती छान वाचलंस!" बाई म्हणाल्या. "कुणी शिकवलं ग तुला?"

"नानांनी," म्हणत भाविका काशिरामांच्या मांडीवर जाऊन बसली.

दीनानाथांना यावर पुष्कळ बोलायचं होतं. पण बोट काढा, असं बाईंनी अजून सांगितलं नव्हतं.