विमलकाकूंचा ओटा

विमलकाकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरतात आणि ओट्याला टेकून उभ्या राहतात. नमस्कार-चमत्कार मागाहून. मग वरच्या कपाटाकडे हात नेतात, तो पोचत नाही, आणि निकाल लागतो, "घर छान आहे. पण बाईला विचारून नाही बांधलं, बापा."

काकू नागपूरच्या. इथे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला आमच्या शेजारी राहणाऱ्या मंगेशच्या आई. उंची आमच्या चौथीतल्या लेकीएवढी, आवाज तिच्या अख्ख्या वर्गाएवढा. मी नवं किचन हौसेने दाखवलं, तर म्हणाल्या, "इथं उंट जेवण बनवते का?" मी पुण्याची. ऐकून घेतलं, पण त्यांच्या चहात साखर कमी घातली.

पुढच्या आठवड्यात त्यांचं परतीचं तिकीट होतं. मंगेश कधीचा मागे लागला होता, "आई, तिकडे एकटी काय करतेस, कायमची इथेच राहा." काकू नुसतं "पाहू नं" म्हणायच्या. आईला अमेरिका आवडत नाही, असं त्या बिचाऱ्याने ठरवूनच टाकलं. ती आवडावी म्हणून रविवारी त्याने आम्हाला एका जुन्या चित्रकाराचं घर बघायला नेलं. दारं, खुर्च्या, फरशा, तांब्याचे दिवे, सगळं त्या माणसाने स्वतःच्या हातांनी घडवलेलं. आता तिथे म्युझियम आहे.

गाईड पोरगी एकेका लाकडाचं कौतुक सांगत होती. काकू म्हणाल्या, "सगळंच तपकिरी. चित्रकार म्हणते, अन् रंग एकच?"

"व्हॉट डिड शी से?" गाईडने विचारलं.

"शी लव्ह्ज इट," मंगेश म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दाराला दोरी लावली होती. काकू तिच्याखालून आत. फारसं वाकावंही लागलं नाही. गाईड "मॅम, प्लीज" करत राहिली आणि मंगेश लाजेने लाल झाला. काकूंनी ओट्यावर दोन्ही हात ठेवले. मग सवयीने वर हात नेला, आणि तो फळीवर टेकला.

त्या चित्रकाराची बायको ठेंगणी होती, गाईडने सांगितलं. ओटा, फळ्या, सगळं त्याने तिच्या मापाने केलं. मंगेशने ते आईला मराठीत सांगितलं. काकू गप्प झाल्या. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

"तुझ्या घरी मीठ वरच्या कपाटात असते," त्या वळून न बघता म्हणाल्या. "दर वेळी सूनबाईला हाक मारा. गुणाची आहे पोरगी, मीटिंग सोडून धावत येते. मलाच कसंतरी होते. परवा वरण अळणीच खाल्लं."

"आई, सांगायचं ना मग."

"एवढ्याशा गोष्टी काय सांगायच्या रे? नागपूरला एकटी असते, पण माझा हात पोचते."

मंगेश दोरी ओलांडून आत गेला आणि आईच्या शेजारी उभा राहिला. त्या ओट्यावर हात टेकायला त्याला बरंच वाकावं लागलं.