दहा मिनिटांत काय उचलाल?

आमच्या घरातला भात वाढायचा चमचा गेली नऊ वर्षं समोरच्या फ्लॅटमध्ये आहे. रफीकनं तो एका संध्याकाळसाठी नेला होता. आमच्या हिनं दोनदा परत मागितला आणि दोन्ही वेळा त्यानं भांडी बाजारातून कोरा करकरीत चमचा आणून दिला. म्हणाला, "काकू, तो आता तयार झालाय. तो नका मागू."

रफीक लाकडावर चित्रं कोरतो. मग शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीनं तासन्‌तास घासायचं, की चित्र कागदावर उतरतं. यंत्रबिंत काही नाही. दुकानात चमचा घेताना हा गृहस्थ तो गालावर फिरवून बघतो. दुकानदार ओळखीचा आहे म्हणून बरं. आमच्याकडे आला तरी बोलता बोलता त्याची नजर स्वयंपाकघरात जाते, ओट्याखाली घुटमळते. हिची खात्री आहे की आता त्याचा डोळा आमच्या झाऱ्यावर आहे.

पेपरात त्याचं नाव 'युद्धाचा चित्रकार' असं छापून येतं. दिल्लीला, परदेशात प्रदर्शनं झाली. पण पंचवीस वर्षांत पठ्ठ्यानं एक बंदूक कोरलेली नाही. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी सव्वीस जानेवारीसाठी मोठ्या हौशीनं रणगाड्याचं चित्र मागितलं. यानं काय द्यावं? दोरीवर वाळत घातलेला शाळेचा गणवेश, एक मोजा आणि मागे उघडं दार. सरांनी बिचाऱ्यांनी त्यावर इतका जाड हार घातला की फक्त मोजा दिसत होता.

त्याचं म्हणणं असं, की लढाईत माणसं काय करतात ते सगळे दाखवतात. घाईत घर सोडलं की मागे काय राहतं, ते कोण दाखवणार? म्हणून तो भेटेल त्याला एकच प्रश्न विचारतो: "दहा मिनिटांत घर सोडायचंय. काय उचलाल?" वॉचमनला विचारतो, दूधवाल्याला विचारतो, वास्तुशांतीच्या जेवणात तर यजमानांनाच विचारलं. देवळालीकडून तोफांच्या सरावाचा आवाज आला, आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या, की हमखास विचारतो. वरच्या मजल्यावरचे सोनवणे, मनमाडला रेल्वेत जन्म काढलेला माणूस, छातीवर हात ठेवून म्हणाले होते, घराच्या कागदांची फाईल. आमची ही म्हणाली मिक्सर. मी शेजारीच बसलो होतो, पण असो.

मला विचारलं तेव्हा मी त्याला कटवायचं म्हणून म्हणालो, "आईची लोणच्याची बरणी." आणि बोलून गेल्यावर जीभ चावली, कारण ते खरंच होतं. आई जाऊन पाच वर्षं झाली. तिनं घातलेलं शेवटचं लिंबाचं लोणचं फळीवर काळं पडत बसलंय. ते आम्ही उघडतही नाही आणि टाकतही नाही. रफीक हसला नाही. कुठल्या फळीवर, एवढंच त्यानं विचारलं.

गेल्या वर्षी त्यानं मात्र मला चक्रावून सोडलं. तीन महिने खपून स्वयंपाकघराचं चित्र कोरलं होतं. कोपऱ्यात गॅसची टाकी, तिच्यावर तांदळाएवढा रेग्युलेटर. लाकडावर उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं येतं. नेमका त्या तांदळाएवढ्या जागी हा विसरला. छापल्यावर बटण दुसऱ्या बाजूला गेलं, म्हणजे गॅस चालू. मी म्हटलं, अरे, भिंग लावून कोण बघणार आहे? त्यानं ती फळी उभी-आडवी चिरून टाकली. कलावंत म्हटला की थोडा सटकलेला असायचाच, असं म्हणून मी विषय सोडून दिला.

मग या मार्चमध्ये आम्ही दोघं निफाडला लग्नाला गेलो होतो. इकडे तळमजल्यावर गॅसचा वास सुटला. अग्निशमनवाल्यांनी भोंगा वाजवून दहा मिनिटांत सगळी इमारत रिकामी करायला सांगितली. आम्ही परतलो तोवर गळती सापडून बंद झाली होती, पण मंडळी अजून रस्त्यावरच. सोनवण्यांच्या हातात टीव्हीचा रिमोट होता. फाईल वरच. आणि कडुलिंबाखाली लुंगीवर रफीक उभा, दोन्ही हातांनी छातीशी बरणी धरून. आमच्या घराची किल्ली त्याच्याकडेच असते.

"अरे, तुझे ठसे?" पंचवीस वर्षांत कोरलेल्या सगळ्या फळ्या त्याच्या घरात छतापर्यंत रचलेल्या आहेत. एक ठिणगी पुरली असती.

"आत आहेत."

"आणि हे घेऊन आलास?"

"तुम्ही सांगितलं होतंत की, काका. मधली फळी, डाव्या हाताला."

मी त्याच्या हातातून बरणी घेतली. ही म्हणाली, आज जेवायला आमच्याकडेच. तिनं खिचडी टाकली आणि जेवताना मी पहिल्यांदाच त्याचा प्रश्न त्याला विचारला. तू काय उचलशील?

रफीकनं खिचडी कालवली. मग म्हणाला, त्याचे वडील कुवेतला फिटर होते. लढाई सुरू झाली तेव्हा हा अकरा वर्षांचा. खाली ट्रक उभा आहे, दहा मिनिटांत निघा, असं कुणीतरी दारावर थाप मारून सांगितलं. गॅसवर भाताचा कुकर होता. आईनं धाकट्या बहिणीला उचललं आणि याला सांगितलं, गॅस बंद करून ये. ट्रकमध्ये तिनं विचारलं, केलास? हा हो म्हणाला. खालच्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं राहायचं, त्यांना जिना उतरता येत नसे. ते तिथंच राहिले. पुढे त्यांचं काय झालं, कधी कळलं नाही. नाशिकला आल्यावर आई मरेपर्यंत जेवता जेवता मध्येच थांबायची आणि विचारायची, रफीक, गॅस बंद केला होतास ना?

"केला होतास?" मी विचारलं.

"आठवत नाही, काका. हो म्हटलं होतं, तेवढं आठवतं."

हिनं उठून बरणीचं फडकं सोडलं. पाच वर्षांनी घरात आईच्या लोणच्याचा वास सुटला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रफीकनं एक फोड तोंडात टाकली आणि त्याची नजर सवयीनं स्वयंपाकघरात गेली, ओट्याखाली. नऊ वर्षं आम्ही समजत होतो, याला आमचा झारा हवाय.

मी ताटावरून उठलो. आत जाऊन वाकलो, रेग्युलेटरचं बटण चाचपलं आणि परत येऊन बसलो.

"बंद आहे रे," मी म्हणालो. "हात लावून बघितलंय मी."

त्यानं मान हलवली. मग ताटली पुढे करून म्हणाला, "काकू, अजून एक फोड वाढा."