खाजरीचा काढा आणि मालकीणबाईंचे केस

"अगं, खाजरी एकदा उकळली की चावत नाही," नवऱ्याने कात्रीताईंना ठासून सांगितलं. सांगताना तो दोन्ही हात कोपरांपर्यंत कराकरा खाजवत होता.

कात्रीताईंनी त्या हातांकडे बघितलं. केस रंगवायचे त्यांचे रबरी हातमोजे चढवून हा गृहस्थ सकाळीच नाल्याकाठची खाजरी तोडून आला होता. मोजे मनगटापर्यंत आणि खाजरी कमरेएवढी, मग व्हायचं ते झालं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. सगळी नोकरी लिफ्टमध्ये गेली आणि गुडघे गेले ते जिने चढून, कारण बंद पडलेल्या लिफ्टपर्यंत पोचायला दुसरा रस्ता नसतो. खाजरीच्या पाल्याचा काढा गुडघ्यांना चांगला, असं बागेत फिरायला येणाऱ्या कुणीतरी सांगितलं, आणि घरात तेवढा एकच विषय उरला.

"काढा करा, नाहीतर काढ्यात पोहा," कात्रीताई म्हणाल्या. "पण आज माझ्या पार्लरमध्ये पाऊल टाकू नका. मालकीणबाई येणार आहेत."

पार्लर म्हणजे घराची पुढची खोली. एक खुर्ची, एक आरसा, केस धुवायचं एक बेसिन. खोली मालकीणबाईंची होती आणि शेजारच्या चपलांच्या दुकानदाराला ती गोदामासाठी हवी होती. मालकीणबाईंनी हो म्हटलं की कात्रीताईंची खुर्ची रस्त्यावर. "आधी माझे केस कर," बाईंनी निरोप धाडला होता, "मग बघू."

बाई आल्या, त्या नाक वर करून. केस पांढरेशुभ्र, पण त्यांत थोडा पिवळेपणा उतरलेला. "मला चांदीसारखे हवेत," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "आणि बडबड नको. माझं डोकं दुखतं."

कात्रीताईंनी पिवळेपणा काढायचं औषध लावलं, वेळेवर धुतलं. केस खरोखरच चांदीसारखे निघाले. आता फक्त शेवटचं पाणी. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ते शेवटी डोक्यावर ओतलं की केसांना चमक येते. त्या पाण्याचा जग कात्रीताई मागच्या फळीवर बशीने झाकून ठेवत आणि न बघता हात मागे करून उचलत. इतक्या वर्षांत हात कधी चुकला नव्हता.

हात आजही चुकला नाही. चुकला तो जग. स्वयंपाकघराच्या ओट्यावर जागा नाही म्हणून नवऱ्याने आपला काढा मुरायला त्याच फळीवर ठेवला होता, तसल्याच जगात, तसल्याच बशीखाली. 'पार्लरमध्ये पाऊल टाकू नका' हे त्याने अक्षरशः पाळलं होतं. उंबऱ्यात उभं राहून नुसता हात लांब केला होता.

पाणी ओतून झाल्यावर कात्रीताईंनी खाली पाहिलं. चांदीला शेवाळ आलं होतं.

त्यांनी झपकन टॉवेल उचलला आणि बाईंचं डोकं घट्ट गुंडाळलं.

"झालं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"छे हो! आता खरं काम. जरा... मालिश करायची असते."

"एवढं असतं?"

"तुमच्यासाठी असतं."

टॉवेलावरूनच त्यांनी बाईंची टाळू दाबली, कानामागे दाबलं, मानेचा ताठा बोटांनी मोकळा केला. बोटं बाईंच्या डोक्यावर आणि स्वतःचं डोकं ठिकाणावर नाही, अशी त्यांची गत. हिरवा रंग जाईल कशाने? साबणाने? देवाच्या दयेने? "पाणी गरम करून आणते हं," म्हणून त्या आत पळाल्या.

आत नवरा रिकामा पेला हातात धरून प्रसन्न चेहऱ्याने बसला होता.

"काय प्यालात तुम्ही?" कात्रीताई कुजबुजल्या.

"काढा. डोळे मिटून, नाक दाबून. पण वाटला तितका वाईट नाही गं. जरासा आंबट."

"अहो, फळीवरून उचललात ते माझं व्हिनेगरचं पाणी होतं! तुमचा काढा बाईंच्या डोक्यावर गेला!"

"वेडी आहेस का तू? हे बघ." नवरा उकिडवा बसला आणि कशाचाही आधार न घेता उठला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. "पाण्याने होतं का असं?"

"हळू बोला! बाई ऐकतील. खोली जाईल माझी."

"जाऊ दे की! माझे गुडघे बरे झाले, आता मी परत जिने चढू शकतो. नोकरी धरतो!"

"काय झालं गं आत?" बाहेरून मालकीणबाईंचा आवाज आला. "कुणाचे गुडघे बरे झाले?"

ह्यानंतर नवऱ्याला आवरणं कुणाच्याच हातात नव्हतं. तो जग घेऊन बाहेर गेला आणि उरलेलं पाणी त्याने आदराने बाईंना दिलं. बाईंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं, तरी सगळं पिऊन टाकलं. उठताना मात्र त्यांनी खुर्चीचा हात धरला तो धरलाच.

"सगळ्यांना लगेच लागू पडत नाही," नवरा समजुतीने म्हणाला.

कात्रीताईंनी त्याला डोळ्यांनीच आत हाकललं आणि बाईंना पुन्हा बसवलं. पुन्हा टाळू, पुन्हा कपाळ, पुन्हा मान. शेवटी बोटं दुखायला लागली आणि लपवायला काही उरलं नाही.

"मालकीणबाई," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "माझ्या हातून चूक झालीय. तुमचे केस..."

"हिरवे झालेत," मालकीणबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मघाशीच ओघळ आला नाकावर. मला दिसला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू डोकं दाबायचं थांबवलं असतंस." बाईंनी मान मागे टेकली. "आमचे हे गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता गं. केस कापणारे केसच कापतात."

कात्रीताईंनी बाईंचं कपाळ एकदा परत दाबलं. त्यांनी हलकेच टॉवेल सोडला. बाईंनी चष्मा लावला आणि आरशात स्वतःला डावीकडून, उजवीकडून बराच वेळ न्याहाळलं.

"त्या चपलावाल्याला सांगते दुसरी जागा बघ म्हणून," त्या म्हणाल्या. "मी दर शुक्रवारी येत जाईन."

"रंग तोवर निघेल, मालकीणबाई. मी काढते."

"काढ. पण लगेच निघाला तर लवकर सोडशील मला." बाई पुन्हा खुर्चीत रेलल्या आणि त्यांनी डोळे मिटले. "पुढच्या वेळी जरा अवघड रंग लाव."